बाल्कनीतले भाडेकरू

कुत्रा पाळणारा माणूस संध्याकाळी महेश सोसायटीच्या चौकात भेटला की तो कुत्र्याबद्दल बोलतोय असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो स्वतःबद्दल बोलत असतो. ‘मी दिसलो नाही तर जेवत नाही हो’, ‘माझ्या गाडीचा आवाज दोन गल्ल्या आधी ओळखतो’, ‘हिचं नाही, माझंच ऐकतो.’ घरात ज्याचं कुणी ऐकत नाही त्याने पैसे मोजून ऐकणारं कुणीतरी आणलेलं असतं, एवढाच त्याचा अर्थ. मांजरवाल्यांचं उलट. त्यांना अपमान करून घ्यायची हौस असते आणि ती मांजर मनापासून पुरवते. पोपटवाल्याला स्वतःचंच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकायचं असतं. माशांच्या टाकीबद्दल मी बोलत नाही. वास्तुवाल्याने सांगितलं म्हणून ईशान्येला ठेवलेला जीव पाळीव प्राण्यांत धरायचा की फर्निचरमध्ये, यावर आमच्या घरातच दोन मतं आहेत.

या सगळ्यांतून जो उरतो, ज्याला घरात जीव तर हवा पण त्याने उगाच अंगचटीला येऊ नये असं वाटतं, त्याच्यासाठी लावा आहे. हिंदीत बटेर, हॉटेलच्या मेनूकार्डावर क्वेल. वजन दीडशे-दोनशे ग्रॅम, रंग वाळक्या गवताचा, मान असून दिसत नाही आणि शेपूट नसल्यातच जमा. बघणारा पहिल्यांदा ‘अय्या’ म्हणतो आणि दुसऱ्यांदा ‘मोठे कधी होणार?’ विचारतो. ते मोठेच असतात.

आमच्या बाल्कनीत सध्या चार आहेत. तीन माद्यांची नावं अप्पर, लोअर आणि सुपर. बिबवेवाडीबाहेरच्या वाचकांसाठी खुलासा: आमच्याकडे इंदिरानगरं तीन आहेत, आणि बसवर नुसतं ‘अप्पर’ लिहिलेलं पुरतं, पुढे काय, हे विचारणारा इथला नसतो. नराचं नाव गंगाधाम, इथल्या चौकावरून. त्याच्या चारही बाजूंनी सतत कुणीतरी घुसत असतं आणि मधोमध उभा राहून तो नुसता ओरडतो.

पाळीव प्राणी म्हणून पाहिलं तर लावा निराशा करतो. भाडेकरू म्हणून पाहिलं की सगळा व्यवहार एकदम स्वच्छ दिसायला लागतो. तो आपल्याशी बोलत नाही, आपल्या घरात डोकावत नाही, सणासुदीला आपल्याकडून काही अपेक्षा ठेवत नाही. भाडं मात्र रोजच्या रोज आणि रोख. मादी सहा-सात आठवड्यांची झाली की अंडी द्यायला लागते, चांगली निघाली तर वर्षाला अडीचशेच्या वर देते, आणि हा जोर साधारण पहिलं वर्षभर टिकतो. म्हणजे करारही पुण्याच्या रिवाजाप्रमाणे अकरा महिन्यांचाच. पुढे भाडं थकायला लागतं. पण तोवर आपण त्यांना नावं दिलेली असतात, आणि नाव दिलेला भाडेकरू बाहेर काढायला जे काळीज लागतं ते आमच्या घरात फक्त माझ्या सासूबाईंकडे आहे.

लाइटबिल मालकाकडे. मादीला अंडी द्यायला दिवसाचे चौदा ते सोळा तास उजेड लागतो. डिसेंबरात दिवस आखडला की भाडंही आखडतं. मग पहाटे आणि संध्याकाळी बाल्कनीत दिवा लावून त्यांना जून चालू असल्याचं भासवावं लागतं. समोरच्या इमारतीतल्या आजोबांनी पहाटेचा तो उजेड पाहून ‘मुलगा एमपीएससी करतोय वाटतं’ अशी कौतुकाने चौकशी केली. मी हो म्हणालो नाही, पण नाहीही म्हणालो नाही.

मार्केट यार्ड इतकं जवळ, तरी भुसार बाजाराचा उपयोग थोडाच. नुसत्या बाजरीवर लावा जगेल, भाडं देणार नाही. त्याला कोंबडीच्या पिल्लांचं चिक स्टार्टर लागतं. वाढत्या पिल्लांना तर प्रथिनं शेकडा चोवीसच्या आसपास हवीत, आणि अंड्यावर आलेल्या माद्यांना वर शिंपल्याचा चुरा. जिमला जाणारा माझा पुतण्या पोत्यावरचा तक्ता वाचून बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘काका, हे माझ्या डब्यापेक्षा स्वस्त पडतंय.’

ओळख मात्र ते ठेवत नाहीत. रोज सकाळी मीच दाणे घेऊन जातो, आणि रोज सकाळी चौघंही मी भाडेवाढ सांगायला आलोय अशा चेहऱ्याने कोपऱ्यात गर्दी करतात. कुत्रेवाल्यांना याची दया येते. मला उलट बरं वाटतं. दिवसभर ऑफिसात, बँकेत, जिन्यात लोक ओळख काढून कामं सांगत असतात. घरात निदान चार जण असे आहेत की ज्यांना मी कोण हे समजून घेण्यात काडीचा रस नाही.

दचकला की लावा पळत नाही, सरळ वर उडतो. नव्वद अंशांत. माळरानावर हे बरोबरच आहे. गवतात दबून बसायचं, कोल्हा अगदी अंगावर आला की एकदम वर झेपावायचं आणि थोडं पुढे जाऊन पुन्हा गवतात उतरायचं. वर मोकळं आभाळ असणार, या भरवशावर सगळा बेत आखलेला. बाल्कनीत वर प्लायवूड असतं, आणि उत्क्रांतीला प्लायवूडची कल्पना नव्हती. म्हणून लाव्यांचा पिंजरा एकतर इतका बुटका करतात की उडायला वेगच मिळू नये, नाहीतर छताला आतून गोणपाट किंवा फोम लावतात. आमच्याकडे जुन्या सोफ्याचा फोम आहे. गणपतीच्या आधी ढोलपथकांचा सराव सुरू झाला की पहिल्या टोल्याला बाल्कनीतून चार वेळा ‘धप्’ ऐकू येतं. हळूहळू त्यांना सवय होते. आमची व्हायची आहे.

बिबवेवाडीतल्या जवळपास प्रत्येक बाल्कनीला कबुतरांची जाळी असते. त्याच जाळीच्या आत मी पिंजरा मांडला तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या काकू खालून वर बघत म्हणाल्या, ‘अहो, आम्ही पैसे देऊन पक्षी बाहेर ठेवतो, तुम्ही पैसे देऊन आत ठेवता?’ याला उत्तर नाही. कबुतरं जाळीबाहेरच्या कठड्यावर बसून तासन्‌तास आत बघतात. एवढं खाणंपिणं, वर पहाटेचा दिवा, आणि आम्हाला मात्र जाळी, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं असतं. स्थानिकांना डावलून बाहेरच्यांना जागा दिली, ही तक्रार या शहरात माणसांचीही आहे, तेव्हा कबुतरांना दोष देत नाही.

प्रत्येक सोसायटीत एक गृहस्थ असतात ज्यांना कायदा माहीत असतो. आमच्याकडच्यांनी मला लिफ्टमध्ये गाठून हलक्या आवाजात सांगितलं, ‘वन्यजीव कायदा, १९७२. जपून.’ त्यांचं अर्धं खरं आहे. रानातले लावे धरणं, विकणं, पाळणं हा गुन्हाच, आणि तो असायलाच हवा. सासवड-जेजुरीच्या माळावर पावसाळ्यात गवतातून येणारा तो आवाज तिथेच राहावा. कुणी रस्त्याकडेला पिशवीतून काढून ‘एकदम गावठी’ म्हणून दाखवायला लागला तर आपण चालू पडावं. आमचे आहेत ते जपानी लावे. १९७४ मध्ये ते अमेरिकेतून भारतात आले, बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय संस्थेत त्यांच्या जाती तयार झाल्या, आणि तेव्हापासून ते कोंबड्यांइतकेच घरगुती आहेत. पण लिफ्टमधल्या गृहस्थांनाच कशाला हसायचं? २०११ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानेही हा पक्षी वन्यजीव कायद्याखाली येतो असं सांगून नवे परवाने थांबवले, आणि २०१३ मध्ये पुन्हा मोकळीक दिली. मधल्या काळात हे पक्षी रोज अंडी घालत होते आणि ते वन्य की पाळीव हे दिल्लीत ठरत नव्हतं.

घराण्याच्या बाबतीत मात्र लाव्याने कुणाचं ऐकून घेण्याचं कारण नाही. ऋग्वेदात वर्तिका म्हणून येते ती हीच. लांडग्याच्या जबड्यातून तिला अश्विनीकुमारांनी सोडवलं, आणि हा पराक्रम ऋषींना इतका मोठा वाटला की एकाहून अधिक सूक्तांत त्याचा उल्लेख आहे. देवांच्या वैद्यांनी जातीने येऊन सोडवलेला दुसरा पाळीव प्राणी आमच्या सोसायटीत कुणाकडे असेल तर त्याने हात वर करावा, हस्कीवाल्यांनीसुद्धा. पुढे चरकसंहितेने पक्ष्यांच्या मांसात लाव्याचं मांस सर्वांत हितकर ठरवलं. म्हणजे एका वैद्याने वाचवला आणि दुसऱ्या वैद्याने पथ्यावर लिहून दिला. वैद्यकाची ही परंपरा फार जुनी आहे म्हणायची.

लखनऊच्या नवाबीत बटेरांच्या झुंजी लागत. अब्दुल हलीम शररांनी जुन्या लखनऊबद्दल लिहिताना या शौकाचं तपशीलवार वर्णन केलं आहे. सगळी रियासत हातची चालली असताना शहाणीसुरती माणसं तळहाताएवढ्या पक्ष्याची चोच बघत बसली होती, हे वाचून पूर्वी मला हसू यायचं. आता येत नाही. दोन नर एका पिंजऱ्यात आले की एकमेकांच्या डोक्याची सालटी काढतात आणि बघणारा खरोखर जागचा हलत नाही. म्हणून घरात एकच नर ठेवावा. जपानात जुन्या काळी सरदार मंडळी लावे पाळत ती आवाजासाठी, आवाजाच्या स्पर्धाही होत. हे कळल्यावर मी गंगाधामला एकदा नीट समोर बसून ऐकलं. दोन आखूड सूर आणि तिसरा घोगरा, लांबवलेला. मग स्वतःवरच खूश होऊन पुन्हा तेच. पहाटे, दुपारी, आणि मध्यरात्री कुणी बाथरूमचा दिवा लावला तर तेव्हाही. जपानी माणसाच्या संयमाबद्दल जे ऐकलं होतं त्याची खात्री पटली.

या घराण्याने अंतराळही पाहिलं आहे. १९९० मध्ये सोव्हिएत संघाच्या मीर स्थानकावर जपानी लाव्याच्या अंड्यांतून पिल्लं बाहेर पडली. बिचारी तरंगत राहिली. पाय कुठे टेकायचे कळेना, दाण्यापर्यंत धड पोचता येईना. भीती वाटली की सरळ वर उडायचं, एवढं एकच ज्ञान घेऊन जन्माला येणाऱ्या जिवाला नेमकं ‘वर’ ही दिशाच नसलेल्या ठिकाणी जन्माला घालायचं, याला विज्ञान म्हणतात.

आता भाड्याकडे वळू, कारण लावा पाळण्यातलं खरं सुख तिथे आहे. अंडं दहा ग्रॅमच्या आसपास. पाच जमली की कोंबडीचं एक होतं. पण प्रत्येक मादीची नक्षी ठरलेली असते आणि ती सहसा बदलत नाही. अप्परचं अंडं मोठ्या चॉकलेटी डागांचं, लोअरचं बारीक काळ्या ठिपक्यांचं, सुपरचं निळसर आणि जवळजवळ कोरं. त्यामुळे कुणाचं भाडं थकलंय हे वहीत न बघता कळतं. कोंबडी बहुधा दुपारच्या आत मोकळी होते. लावा दुपार कलल्यावर, बहुतेक चारनंतर अंडं घालतो. पुण्याच्या एक ते चारच्या विनोदाचा मला स्वतःला कंटाळा आलेला आहे, पण पक्ष्यानेच तो करायचा ठरवला तर मी काय करणार.

अंड्याचं कवच पातळ, पण आतला पापुद्रा चिवट. कढईच्या काठावर आपटून फोडायला जावं तर सगळंच चेचतं. सुरीच्या टोकाने टोपी उडवावी लागते. उकडायला तीन-चार मिनिटं पुरतात, सोलायला रविवार लागतो. घरच्या माणसांपुरती अंडाकरी करायची तर वीस-पंचवीस अंडी सोलायची. बायकोने पातेलं माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, ‘भाडेकरू तुमचे, वसुलीही तुम्हीच करा.’ तेव्हापासून रविवारी सकाळी आम्ही सगळे पेपर पसरून गोल बसतो. पुतण्या दोन सोलतो आणि एक खातो. सासूबाई अंडी खात नाहीत, पण सोलतात सगळ्यांत सुबक, आणि सोलता सोलता नात्यातल्या ज्यांची लग्नं मोडता मोडता राहिली त्यांच्या हकीकती सांगतात. टीव्ही बंद, फोन बाजूला, कारण हात चिकट असतात. आणि मग वाटीत आठ अख्खी अंडी पडलेली बघून माणूस जो खूश होतो! कोंबडीची दोन खाल्ली तर कोलेस्टेरॉल आठवतं. ही आठ खाऊनही ‘एवढुशी तर आहेत’ म्हणता येतं.

कोंबडीच्या अंड्याचा भाव रोज जाहीर होतो. १९८२ मध्ये बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटी उभी राहिली तेव्हापासूनची ती व्यवस्था. लाव्याच्या अंड्याला आमच्या इमारतीत वेगळा भाव आहे: एका अंड्याला तीन आजार. अंडं दिलं की घेणारा ते तळहातावर फिरवत विचारतो, ‘दम्याला चांगलं ना?’ मग गुडघे. मग, इकडे तिकडे बघून, आणखी काहीतरी. मी सगळ्यांना ‘मीठ-मिरी लावून चांगलं लागतं’ एवढंच सांगतो. ते त्यांना पटत नाही. औषध चविष्ट असू शकतं यावर मराठी माणसाचा विश्वास नाही.

शेजारच्या फ्लॅटमधल्या मारवाडी भाभींच्या घरचा धान्याचा व्यापार आहे. त्यांना अंडी चालत नाहीत, पक्षी चालतात. जीवदया म्हणून अधूनमधून मूठभर राळे आणून देतात आणि चौघांची चौकशी करतात. पहिल्याच दिवशी त्यांनी अट घातली, ‘दादा, दाणे मी देईन, पण त्याचं पुढे काय होतं ते मला सांगायचं नाही.’ हा तह दोन्ही बाजूंनी काटेकोर पाळला जातो. दूध पिणाऱ्याने निर्बीज अंड्याला हरकत घेण्याचं कारण नाही, असं गांधीजींनी लिहून ठेवलंय, हे एकदा त्यांना सांगावं असं मनात आलं होतं. पण जवळच गंगाधाम छाती काढून उभा होता. निर्बीज कसलं!

पिल्लांचं प्रकरण वेगळं आहे. पाळीवपणाच्या पिढ्यांत जपानी लाव्याची मादी अंड्यावर बसायचं बहुतेक विसरून गेली आहे. घालते आणि निघून जाते. पिल्लं हवी असतील तर थर्माकोलची पेटी, साडेसदतीस अंश तापमान आणि सतरा-अठरा दिवस धीर. बाहेर आलेलं पिल्लू अंगठ्याच्या पेराएवढं. ते पाण्याच्या बशीतही बुडू शकतं म्हणून बशीत गोट्या टाकायच्या, आणि उबेला जुना पिवळा बल्ब लावायचा. एलईडी नुसता उजेड देतो, माया करत नाही. अप्परच्या रस्त्यावरच्या इलेक्ट्रिकलच्या दुकानात साठचा बल्ब मागितला तर दुकानदाराने आधी माझ्याकडे, मग माळ्याकडे पाहिलं आणि शिडी मागवली. तिसऱ्या आठवड्यात छातीवरची पिसं बोलायला लागतात: तांबूस तो नर, ठिपक्यांची ती मादी. तोवर घरातले सगळे रोज वाकून वाकून ठिपके शोधत असतात. मुलगीच व्हावी म्हणून एवढी आस लावून बसलेलं घर दुसरीकडे बघायला मिळायचं नाही.

वास येतो, हे लपवण्यात अर्थ नाही. लाकडाचा भुसा वरचेवर बदलला नाही तर शेजाऱ्यांच्या आधी आपणच घर सोडू. शिवाय त्यांना मातीत लोळून अंघोळ करायची असते, आणि ती माती खालच्या काकूंच्या वाळवणावर उतरते. बर्ड फ्लूची बातमी आली की सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी आमच्या बाल्कनीचा झूम केलेला फोटो टाकतं. खाली मजकूर नसतो, नुसते हात जोडलेले. २००६ मध्ये नवापूरला, २०२१ च्या जानेवारीत परभणीकडे साथ आली तेव्हा कोंबड्यांचं काय झालं हे सगळ्यांना आठवत असतं, आणि त्या भीतीला मी हसत नाही. पिंजऱ्याजवळ जाताना वेगळ्या चपला, परतल्यावर साबणाने हात, आणि कबुतरांशी अजिबात सलगी नाही. त्या जाळीचा उपयोग शेवटी झालाच.

सातारा रस्ता जवळ असल्याचा एक परिणाम असा की साताऱ्याकडचे पाहुणे पद्मावतीला उतरतात ते थेट आमच्याकडे. माझे मेव्हणे मागच्या हिवाळ्यात आले. पुणेकर पाहुणा लाव्यांकडे बघून ‘चावतात का?’ विचारतो. मेव्हण्यांनी सुपरला अलगद उचललं, तळहातावर किंचित खालीवर केलं आणि म्हणाले, ‘सोलल्यावर किती भरतं?’ मी त्यांना समोर बसवून सगळं समजावून सांगितलं. ऋग्वेद सांगितला, मीर सांगितलं, रविवारच्या सोलण्याचं सुख सांगितलं. त्यांनी फार मन लावून ऐकलं, चार वेळा मान डोलावली आणि पिल्लं कुठे मिळतात ते फोनमध्ये लिहून घेतलं.

मध्ये त्यांचा फोन आला. ‘दाजी, तुमचं ऐकून आम्हीपण सहा आणले बरं का. लई गुणाचं पाखरू.’ मला भरून आलं. विचारलं, ‘नावं काय ठेवली?’

‘दोघांची ठेवली,’ ते म्हणाले. ‘बाकीच्यांची वेळच आली नाही.’